राणीच्या पानातली भाकरी

एका राज्यात विजयध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. जमीन सुपीक होती आणि प्रजा बोलकी होती. तिथे कुणी कुणाला नुसत्या नावाने हाक मारीत नसे. सैनिकाला वाघ म्हणत, नव्या सुनेला चाफ्याची कळी म्हणत, आणि आळशी जावयाला, तो उठून गेल्यावर, अजगर म्हणत.

एका वर्षी राज्यावर टोळधाड आली. तेव्हा धूम्रक नावाच्या मांत्रिकाने शिवारात होम पेटवला, धुराची उंच भिंत उभी केली आणि टोळ परतवले. मग तो तसाच, काळवंडलेल्या तोंडाने, दरबारात आला. राजा खुशीत होता. थट्टेने म्हणाला, "या, या मांत्रिकबुवा! हे तोंड आहे की करपलेली भाकरी?"

सारा दरबार खो खो हसला.

धूम्रक हसला नाही. त्याने घंगाळाच्या पाण्यात आपलं तोंड पाहिलं, दोन्ही हातांनी चाचपलं. मग म्हणाला, "राजा, मी माणूस आहे. तू मला भाकरी म्हणालास. तुमच्याकडे शब्द खोटे झाले आहेत. मी ते खरे करतो. आजपासून इथे माणसाला जे म्हटलं जाईल, ते तो होईल."

एवढं बोलून तो निघून गेला.

त्याच वेळी आत माजघरात राणी सुलक्षणा आपल्या लेकीला भरवीत होती. राणी शेतकऱ्याघरची, चुलीपाशी वाढलेली. दासी असूनही लेकीला ती स्वतःच भरवी. राजकन्या रुक्मा पाच वर्षांची होती आणि जेवायला फार खळखळ करी. एक घास काऊचा, एक घास मोराचा, असं करीत ताट संपलं. राणीने तिची हनुवटी धरली आणि म्हणाली, "शहाणी गं माझी चिमणी!"

पाटावर मुलगी नव्हती. पाटावर एक चिमणी होती. ती भाताची शितं टिपत होती.

तिन्हीसांजेपर्यंत सेनापती वाघ होऊन पिंजऱ्यात बसला, एक जावई झाडाला वेढे घालून झोपला, आणि बाजारात दोन व्यापारी एकमेकांना गाढव म्हणून बसले. राजाने दवंडी पिटवली, "कुणी कुणाला काही म्हणू नये." मग आया पाळण्यातल्या लेकरांना नुसतं सांगू लागल्या, "झोप. अंधार झाला." लेकरं टक्क जागी राहू लागली.

राणीने चिमणीला मुलगी अशी हाक मारून पाहिली, रुक्मा अशी हाक मारून पाहिली. शाप उलटा फिरेना. तेव्हा चिमणीला खांद्यावर घेऊन ती धूम्रकाच्या गुहेकडे निघाली.

गुहेच्या दारावर एक साळुंकी पहारा देत होती. तिने चिमणीकडे पाहिलं आणि विचारलं, "राणीसाहेब, हिने वाटेत काड्या उचलल्या का?"

"उचलल्या. पण टाकून दिल्या."

"आता टाकणार नाही. घरट्याची शेवटची काडी लावली, की ती कायमची चिमणी. मग आई कोण, हे तिला कळणार नाही."

राणी आत धावली. धूम्रक धुनीपाशी बसला होता. राणीने हात जोडले. "महाराज, राजा चुकला. माझं लेकरू परत द्या."

"तुम्ही लोक खोटं बोलता," धूम्रक म्हणाला. "तीन गोष्टी खऱ्या करून दाखव, मग देतो. लोक म्हणतात, नदी हसते. मी काठावर बसून पाहिलं. तिला तोंडच नाही. मला हसणारी नदी आणून दे."

राणीने नदीवर जाऊन घागर भरून आणली. दारातच साळुंकी म्हणाली, "घागरीत कोंडल्यावर तुम्ही तरी हसाल का, राणीसाहेब?"

राणी थबकली, मागे फिरली. तिने नदीतले गोटे पदरात भरून आणले, गुहेच्या उतारावर मांडले आणि म्हणाली, "महाराज, डोळे मिटा." मग तिने घागरीतलं पाणी हळूहळू सोडलं. पाणी गोट्यांवरून उड्या मारीत, खळखळत गेलं.

"काय ऐकू येतं?"

धूम्रकाने कान पुढे केला. "अंगणात पोरं खेळताहेत."

"अंगण कुठे आहे?"

त्याने डोळे उघडले. समोर ओले गोटे होते. "नाही," तो पुटपुटला. "पण ऐकलं खरं."

तोवर चिमणीने गुहेच्या कोनाड्यात काड्या रचायला सुरुवात केली होती.

"दुसरं," धूम्रक म्हणाला. "लोक म्हणतात, अमक्याचा जीव टांगणीला लागला. टांगलेला जीव मी कधी पाहिला नाही. असा माणूस आण."

"तो तुमच्यासमोर उभा आहे."

धूम्रकाने तिच्याकडे पाहिलं. राणी त्याच्याशी बोलत होती, पण डोळे कोनाड्याकडे होते. चोच वर झाली की तिचा श्वास थांबे, काडी निसटून पडली की सुटे. उजव्या मुठीत चिमणीसाठी घरून आणलेले तांदळाचे दाणे होते. घागर खाली ठेवल्यापासून तिने ती मूठ उघडली नव्हती.

"दोरी दिसत नाही," धूम्रक हळूच म्हणाला. "पण टांगलेला आहे."

चिमणी बाहेर उडाली आणि नवी काडी घेऊन आली. घरट्यात आता त्या एका काडीएवढीच जागा उरली होती.

"लवकर सांगा!" राणी ओरडली.

"तिसरं. मला असं काही म्हण, जे मी नाही आणि तरी खरं आहे. पण नीट ऐक. शाप इथेही चालतो. म्हणशील ते मी होईन."

साळुंकी दारातून किंचाळली, "दगड म्हणा त्याला! दगड म्हणा आणि मोकळ्या व्हा!"

राणीच्या ओठांवर तो शब्द आला. तेवढ्यात धुनीचा उजेड धूम्रकाच्या गालावर पडला. तो गाल घासून घासून लाल झाला होता. शेजारी राखेचा गोळा आणि ओला पंचा पडला होता. राजाने थट्टा केल्यापासून हा माणूस नुसतं तोंड धूत होता.

राणी त्याच्यापुढे बसली.

"तू करपलेली भाकरी आहेस," ती म्हणाली.

साळुंकीने पंखात डोकं खुपसलं. धूम्रकाची बोटं कडेने काळी पडू लागली.

"पण ऐक. भाकरी करपली तर आई ती टाकत नाही. लेकरांना वाढत नाही, पाहुण्याला वाढत नाही. आपल्या पानात घेते. तू आमची शेतं राखलीस, आमच्यासाठी धुरात उभा राहिलास. आम्ही तुला ताटाबाहेर ढकललं. तू माझ्या पानातली भाकरी आहेस."

धूम्रकाची बोटं थांबली.

"माझी आईही करपलेलीच खायची," तो म्हणाला. "मी विचारलं की म्हणायची, मला तशीच आवडते. मला खरंच वाटलं. मी रोज करपलेली तिच्या पुढ्यात सरकवायचो."

"तिने तुला जे सांगितलं, ते भाकरीबद्दल नव्हतं."

"माझ्याबद्दल होतं," धूम्रक म्हणाला. मग त्याने गुडघ्यात तोंड घातलं आणि लहान मुलासारखा रडला. त्याच्या बोटांचा काळा रंग ओसरला. तो भाकरी झाला नाही. शब्दाच्या आत काय असतं, ते त्याला कळलं होतं, आणि जे कळलं त्यावर शाप चालेना.

कोनाड्यातून शेवटची काडी खाली पडली. पाठोपाठ धपकन रुक्मा पडली, केसांत गवत आणि गालाला माती.

"आई, भूक लागली."

राणीने मूठ उघडली. दाणे घामाने भिजले होते. तिने लेकीला पोटाशी धरलं. एक शब्द ओठांपर्यंत आला आणि भीतीने तिथेच थांबला. रुक्मा तिच्या तोंडाकडे पाहू लागली. मग राणीने धीर केला.

"चिमणी माझी," ती म्हणाली.

मुलगी मुलगीच राहिली. फक्त हसली.

राज्यात सेनापती पिंजऱ्याचं दार वाजवू लागला, जावई झाडावरून उतरून जेवायचं विचारू लागला. विजयध्वज राजा अनवाणी वेशीपर्यंत आला आणि त्याने भर बाजारात धूम्रकाची क्षमा मागितली. त्या दिवशी राजवाड्यात पंगत बसली. राणीने स्वतः भाकऱ्या थापल्या. एक करपली. ती तिने आपल्या पानात घेतली.

धूम्रकाने हात पुढे करून त्यातली अर्धी मोडून घेतली.

"मला तशीच आवडते," तो म्हणाला.

राणीला सगळं कळलं. त्या राज्यात पाळणे पुन्हा गाऊ लागले, नद्या पुन्हा हसू लागल्या, आणि लेकरं निवांत झोपली.