दर्याच्या आईचा वाटा

एक होतं गाव, डोंगर आणि दर्या यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखं. रस्ता नाही, दिवा नाही. होती ती एक रापण. रापण म्हणजे लांबच लांब जाळं, बरं का. होडीने ते दर्यात गोल सोडायचं आणि सगळ्या गावाने किनाऱ्यावरून दोरी ओढायची. जो दोरीला हात लावेल, त्याला मासळीचा वाटा. मग तो म्हातारा असो, लंगडा असो.

त्या गावात येसू नावाची विधवा होती. घरात होडी नाही, पुरुष नाही, कडेवर लेक. त्या एका वाट्यावर तिची चूल पेटायची.

एका वर्षी काय झालं, मासळी रुसली. रापणीत आले जेमतेम टोपलीभर पेडवे, ती बारकी मासळी. त्याच दिवशी एक परकी म्हातारी आली, ओलेत्या लुगड्यातली. तिनेही दोरी ओढली. तिला वाटा दिला. दुसऱ्या दिवशी आले ओंजळभर. म्हातारी हजर! वाटा दिला, पण तोंडं वाकडी करून. तिसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून आला एक बांगडा. एकच! आणि वाळूवर म्हातारी बसलेली.

रापणीचा म्होरक्या भिकाजी तांडेल खवळला. "ही इली आणि मासळी गेली. हाकला हिका!"

येसू मध्ये उभी राहिली. लेकीला कडेवर सावरलं. म्हणाली, "आज हिचो वाटो तोडलात, तर उद्या माझो तोडशात. मग ह्या चेडवाक घेवन मी खंय जाव?"

भिकाजीने तो बांगडा येसूच्या हातात ठेवला.

मग येसूने मोठा टोप चुलीवर चढवला. घागरभर पाणी आणि तो बांगडा. सार कसलं, पाणीच ते! सगळ्यांना पळी पळी वाढलं, पहिली पळी म्हातारीला. म्हातारीने चाखलं नि तोंड वेंगाडलं. "मीठ कमी असा गो बाय!"

आणि खदखदून हसली. ती दर्याची आई होती, तिला कुठलं मीठ पुरणार? हसत हसत ती पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

मग पुन्हा रापण सोडली, तर दोरी हलेना. इतकी मासळी! अख्खं गाव ओढून दमलं. भिकाजीने पहिला वाटा वाळूवर मांडला, म्हातारीचा, आपल्या हाताने. भरती आली आणि तो घेऊन गेली. तेव्हापासून पहिला वाटा दर्याच्या आईचा.

लहानपणी तो वाटा मीही मांडलाय. आता मोठ्या बोटी आल्या, रापण कुठे राहिली? फार आठवण येते रे, ओल्या दोरीच्या वासाची, शेजारी ओढणाऱ्या माणसांची. त्या गावात कुणी उपाशी झोपत नसे.

येसूची लेक तर केव्हाच झोपली, आईच्या कुशीत, पोटभर जेवून. मिटा बघू डोळे.