अर्डवेनची शिडी

मंडळी, जरा मान वर करा. या दगडी मनोऱ्याला जमिनीलगत दार नाही. आहे ते दोन पुरुष उंचीवर, आणि तिथवर जायला ही लाकडी शिडी. स्कॉटलंडात अशी मनोऱ्यासारखी घरं पुष्कळ. शत्रू आला की शिडी वर ओढायची, मग खालच्याने खुशाल शिव्या घालाव्यात. अर्डवेनची शिडी मात्र चारशे वर्षांत कुणी वर ओढलेली नाही, असं सांगतात. कारण ऐकून मन प्रसन्न होणार नाही, पण तुम्ही एवढ्या लांबून आलात.

त्या काळी इथली मालकीण होती मोराग. नवरा लढाईवर, घर तिच्या हाती. उन्हाळा लागला की गावच्या काही बायका गुरं घेऊन डोंगरावरच्या कुरणात जाऊन राहत. त्या वर्षी मोरागची धाकटी बहीण एल्सपेथही गेली होती. त्या गेल्यावर लुटारू वाटसरूंच्या वेषात आले. मोरागने भोळेपणाने त्यांना वर घेतलं आणि दोन नोकर जिवाला मुकले. दुधाने तोंड पोळलं, आता ती ताकही फुंकून पिऊ लागली. आपल्या गुरांच्या घंटा कानी पडल्याशिवाय येणाऱ्यासाठी शिडी खाली राहू द्यायची नाही, अशी तिने शपथ घेतली. डोंगरावर याची खबर पोचली नाही.

शरदात बायका खाली निघाल्या, तेव्हा मागे लुटारू लागल्याचं त्यांना कळलं. एल्सपेथ हुशार. धुक्यात आवाज जाऊ नये म्हणून तिने प्रत्येक घंटेत शेवाळ कोंबलं, म्हणे.

मोरागला गच्चीवरून धुक्यात गुरं धावत येताना दिसली, हाकणारे कोण ते ओळखू येत नव्हतं. घंटा एकही वाजत नव्हती. चोर गुरं अशीच मुकी हाकतात. तिने शिडी ओढून घ्यायला लावली.

तेवढ्यात भिंतीखालून हाक आली, "मोराग, मी आहे गं. शिडी सोड."

आवाज तिने ओळखला. पण लुटारू ओढा ओलांडत होते आणि घरात गावची बेचाळीस माणसं होती, निम्मी पोरंच. दोर धरलेला म्हातारा फर्गस म्हणाला, "बाईसाहेब, आता सोडली तर तेही चढतील."

"माहीत आहे मला," मोराग म्हणाली. शिडी सोडा असं ती म्हणाली नाही.

पायथ्याशी सात बायका मारल्या गेल्या. आतले सगळे वाचले. तिचं बरोबर की चूक, यावरून या गावात सख्खे भाऊ भांडले आहेत. मला विचाराल तर मला तिची कीव येते आणि रागही येतो, आणि वयाबरोबर दोन्ही वाढतंच आहे.

दुसऱ्या दिवशी तिने शिडी खाली सोडली, दोर कापले आणि नवी शपथ घेतली. शिडी पुन्हा वर जाणार नाही, आणि आलेल्याला कोण म्हणून विचारायचं नाही, 'वर ये' म्हणायचं. पुढच्या वर्षी लुटारू परत आले. बाकीच्यांना तिने आधीच दूरच्या चर्चमध्ये पाठवलं होतं. खाली कोण उभं आहे ते तिला स्वच्छ दिसत होतं. ती म्हणाली, "वर या."

आता या वास्तूला सरकारचा वारशाचा दर्जा आहे, अगदी पहिल्या श्रेणीचा. एक दगड हलवायचा तरी परवानगी लागते. पण पाच वाजता शिडी काढून आत ठेवावी, अशीही अट आहे. अट वाजवी आहे, उद्या कुणी पडलं तर जबाबदार मीच. तरी माझा हात शिडीला लागत नाही.

आजही अर्डवेनमध्ये दार वाजलं की कुणी 'कोण आहे' विचारत नाही. एकमजली घरातूनही 'वर ये' अशीच हाक येते. माझी बायको परगावची. लग्नानंतर एकदा तिने आतून विचारलं, "कोण आहे?" बाहेर माझी आई होती. ती आत आलीच नाही, पायरीवर बसून रडत राहिली.