मठाची मातीची भुई

या, या, आत या! पण जोडे बाहेर हं. आणि आधी खाली बघा. भिंती काळ्या दगडाच्या, छत दगडाचं, आणि भुई? शेणानं सारवलेली! फरशी घालून द्यायला किती जण आले, गावानं हात जोडून परत पाठवले. का, ते ऐका.

हा मठ सारंगमुनींनी बांधला, असं सांगतात. माणूस भारी कडक. खांबावर एक फूल कोरू दिलं नाही, भिंतीत एक कोनाडा ठेवला नाही. डोळा रमला की मन गेलं, म्हणायचे. त्या काळी बटकी असत, म्हणजे विकत घेतलेल्या बायका. इथल्या अधिकाऱ्याची बटीक धानाई मठ सारवायला यायची, सोबत तिची लेक रेमी. आणि राजाची आज्ञा अशी, की बटकीला जो अक्षर शिकवील त्याचा हात तोडावा!

एकदा धानाईनं विचारलं, "महाराज, माझ्या लेकीचं नाव लिहिल्यावर कसं दिसतं हो?" झालं! एवढा कडक माणूस, पण विरघळला. ओल्या सारवणात बोटानं त्यांनी 'रेमी' लिहिलं. मग रोजचंच. मुनींनी अक्षर काढायचं, धानाईनं वाचायचं, वरून हात फिरवायचा. मागे काय उरणार, डोंबल!

पण भिंतीलाही कान असतात. अधिकारी शिपाई घेऊन थडकला. या उघड्याबोडक्या मठात त्याला सापडणार काय? मग मेल्यानं काठीनं ओल्या भुईवर लिहिलं, 'ही पोर उद्या बाजारात विका', आणि धानाईचं तोंड निरखत उभा राहिला. आता बोला! रडली तर मुनींचा हात गेला. गप्प राहिली आणि त्यानं खरंच विकली तर? लेक शेजारीच, आईचा पदर धरून. अहो, माझ्या अंगावर अजून काटा येतो.

धानाई शेणाचा गोळा घेऊन पुढे सरकली. म्हणाली, "धनी, पाय उचला. एवढं सारवायचं राहिलंय." आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळी ओळ पुसून टाकली!

"निव्वळ ढोर आहे ही," म्हणून तो हसत निघून गेला. पोर वाचली, मुनींचा हात वाचला. तो टेकडी उतरेपर्यंत धानाई सारवतच होती म्हणे. मग लेकीला पोटाशी धरून असा हंबरडा फोडला, की मुनीही रडले.

आजही गावातलं प्रत्येक पोर पहिलं अक्षर इथंच काढतं, ओल्या सारवणात. आई त्यावरून हात फिरवते, आणि सगळा गाव ओरडतो, "धनी, पाय उचला!"

तुम्हीही उचला बरं आता. मागे आमची सूनबाई शेण घेऊन उभी आहे.