शाधि माम्

ज्या काळी शब्द उच्चारला की त्याचा अर्थ तत्काळ फळास येई, त्या कृतयुगात दृढदंष्ट्र नावाच्या असुराने विंध्याच्या एका निर्जन शिखरावर सहस्र वर्षे एका पायावर उभे राहून तप केले. प्रसन्न झालेले ब्रह्मदेव म्हणाले, "वत्सा, वर माग."

"पितामह, मला अमरत्व नको," असुर म्हणाला. "शस्त्रेही नकोत. उच्चारणारा माझ्या सत्तेखाली येईल, असे एक क्रियापद मला द्या."

"शास् हा धातू तुला दिला. तुझ्यासमोर जो 'शाधि माम्', माझ्यावर शासन कर, असे म्हणेल, तो तुझा अंकित होईल."

वर घेऊन दृढदंष्ट्र पर्वत उतरला. त्याच्या लोखंडी अडसरांसारख्या बाहूंकडे पाहूनच राजांनी मुकुट उतरवले आणि ते दोन शब्द उच्चारले. त्यांच्यामागून शेतकरी आले, सुतार आले, गुराखी आले. शब्द उच्चारताच प्रत्येकाची स्वतःची इच्छा मावळे, डोळे निस्तेज होत आणि हात केवळ असुराच्या आज्ञेने हलत. त्या असंख्य हातांकडून तो गगनचुंबी दुर्ग बांधवून घेऊ लागला.

पयस्विनी नदीच्या काठी ऋतायन ऋषींचा आश्रम होता. असुराचे सैनिक तेथे आले, तेव्हा शिष्यांना सोडण्याच्या अटीवर ऋतायन एकटे त्यांच्याबरोबर गेले आणि दृढदंष्ट्रासमोर त्यांनीही तो शब्द उच्चारला. दोन ऋतू लोटले तरी ते परतले नाहीत, म्हणून त्यांची पत्नी ऋजुमती त्यांच्या शोधात निघाली. पतीच्या जोडीने शब्दशास्त्राचे अध्यापन करणारी ती विदुषी होती.

दुर्गाच्या तटावर तिला ऋतायन दिसले. डोक्यावर शिळा, मानेवर वाळलेले रक्त. ती धावत जवळ गेली. "आर्यपुत्र, मी ऋजुमती." त्यांनी तिच्याकडे पाहिले, पण ओळख पटली नाही. शिळा सावरत ते पुढे निघून गेले.  मग डोळे पुसून ऋजुमती दृढदंष्ट्राच्या सभेत गेली.

"तपस्विनी, शब्द उच्चार आणि तटावर कामाला लाग," सिंहासनावरून दृढदंष्ट्र म्हणाला.

 ती स्थिर स्वरात म्हणाली, "शाधि माम्. आणि आता सांगा, महाराज, मला काय शिकवणार?"

"शिकवणार? मी राज्य करतो!"

"शास् म्हणजे राज्य करणे, तसेच शिकवणेही. या धातूला दोन कर्मे लागतात. गुरू शिष्याला धर्म शिकवतो, तेव्हा शिष्य हे एक कर्म आणि धर्म हे दुसरे. 'कोणाला' हे कर्म तुम्ही घेतलेत. 'काय' हे अजून दिलेच नाहीत."

"शिळा उचल!" असुर गरजला.

तिचे हात हलले नाहीत. आजवर सर्वांनी भयाने शब्द उच्चारला होता. कोणी काही मागितलेच नव्हते. ऋजुमतीने शिकवण मागितली होती, म्हणून तो शब्द शिकवण्याच्या अर्थाला वळला, आज्ञेला वळेना. दृढदंष्ट्राने खड्ग उपसले, पण ते उगारलेल्या हातातच थबकले, कारण तिला शिकवल्यावाचून त्या शब्दातून त्याचीही सुटका नव्हती. अखेर ते खाली टाकून तो सिंहासनावर बसला.

 कोणी मागावे असे आपल्यापाशी काय आहे, हे तीन दिवस त्याला आठवेना. चौथ्या दिवशी प्रातःकाळी तो मंद स्वरात म्हणाला, "वादळात शिखरावर उभे राहताना श्वास कसा आवरावा, एवढे मला येते."

"तेच शिकवा."

त्याने शिकवले, तिने शिकून घेतले. त्याच क्षणी शब्दाचे देणे फिटले आणि तिच्या अंगावरचे अदृश्य ओझे उतरले. पण ती उठून गेली नाही. "तटावरच्या सगळ्यांनी तोच शब्द उच्चारला आहे, महाराज," ती म्हणाली. "त्यांनी मागितले नसेल, तरी देणे तुमच्याकडेच आहे."

तो अधोमुख होऊन सभेबाहेर आला. तटावर प्रथम ऋतायनच भेटले. या ज्ञानवृद्धाला आपण काय शिकवावे, म्हणून असुर क्षणभर संकोचला. मग त्याने त्यांच्या डोक्यावरची शिळा उतरवली, आपल्या उत्तरीयाची चुंबळ वळली आणि ती डोक्यावर ठेवून भार मानेवर न येता कसा तोलावा, ते दाखवले. ऋतायनांनी चुंबळ हाताने चाचपली. हळूहळू त्यांची दृष्टी स्वच्छ झाली.

"ऋजुमती," ते म्हणाले, "तू कधी आलीस?"

 तिने त्यांचे हात घट्ट धरून ठेवले.

दृढदंष्ट्र पुढच्या माणसाकडे वळला. त्या सर्वांना काही ना काही शिकवण्यात त्याचे उरलेले आयुष्य गेले. जे त्याला येत नव्हते, ते तो आधी ऋतायनांच्या आश्रमात जाऊन शिकून येई. दुर्ग अर्धाच राहिला.

शासन, शास्त्र आणि शिष्य हे तिन्ही शब्द तेव्हापासून एकाच धातूच्या घरी नांदत आले आहेत. आणि समोर बसून कोणी 'शाधि माम्' म्हटले, तर त्याला काही दिल्यावाचून गुरूला आसनावरून उठता येत नाही.