म्हाळसेच्या बाटल्या

भट्टीवाडीच्या देवीच्या देवळामागे एक लांबट कट्टा आहे. त्यावर जुन्या काचेच्या बाटल्या आडव्या निजवून ठेवल्या आहेत, बुडं सगळी बाहेरच्या अंगाला. बाटली म्हटली की माणूस तिचं तोंड बघतो; इथे मात्र बुड दाखवायची रीत. पाहुणे वाकून बघायला लागले की देवळाची झाडलोट करणाऱ्या तानूआत्या हातातलं काम टाकून येतात आणि म्हणतात, "डोळ्यांनी काय बघताय? अंगठा फिरवा."

अंगठा फिरवला की मधोमध एक ओबडधोबड वण लागतो. फुंकून केलेली बाटली बुडाला चिकटवलेल्या लोखंडी सळईवर धरून तिचं तोंड घडवतात आणि शेवटी सळईवरून तोडून घेतात, तिथे हा वण उरतो. साच्यातल्या बाटलीला तो नसतो, तिला कडेने सांध्याची रेघ असते. मग 'ही किती जुनी, कुठली' असं कुणीतरी विचारतंच. "तेच तर म्हाळसेला कळेना," असं म्हणून आत्या पायरीवर बैठक मारतात. घाईतल्या पाहुण्यांची इथे पंचाईत होते, कारण आत्यांना अर्धी गोष्ट सांगताच येत नाही.

फार पूर्वी इथे काचाऱ्यांच्या भट्ट्या होत्या, असं सांगतात. विठोजी काचारी त्यांतला म्होरक्या, देवजी त्याचा थोरला मुलगा आणि म्हाळसा ही देवजीची बायको. देवजी डावखुरा. बाकीचे सळईला उजवा हिसडा देत, हा डावा देई; त्यामुळे त्याच्या बाटलीचा वण कोयरीसारखा उलट्या अंगाला वळलेला असे. त्याचा हात पाहून एका परक्या व्यापाऱ्याने त्याला समुद्रापलीकडच्या भट्टीवर नेलं. लवकर येतो म्हणून गेला, तो गेलाच. पुढे कधीतरी बंदरावर बातमी आली की तिकडून येणारं एक तारू बुडालं आणि त्यावर देवजी होता म्हणे. 'होता म्हणे' एवढंच. डोळ्यांनी पाहिलेला कुणीच नव्हता.

त्या दिवसापासून घरात कुणाला स्वस्थता नाही. पोराचं क्रियाकर्म झालेलं नाही, तो तहानलेला भटकत असेल, या विचाराने विठोजीचं जेवण तुटलं; म्हातारा अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालायचा. क्रियाकर्म करायचं तर आधी सुनेच्या बांगड्या फोडायला हव्यात. आणि तो जिवंत असला तर? जित्या नवऱ्याच्या नावाने बांगड्या फोडणं म्हणजे त्याला आपल्याच हाताने मारणं, असं म्हाळसेला वाटे. पंचांनी तर सांगून टाकलं होतं की सर्वपित्री अमावास्येच्या आत काय ते उरका.

नारळी पौर्णिमा होऊन बंदर उघडलं होतं. म्हाळसा रोज बंदरावर जाऊ लागली. अत्तराच्या, गुलाबपाण्याच्या पेट्या उतरत. ही हमालांच्या पायांत येई, शिव्या खाई आणि बाटल्या उलट्या करकरून बघे. भट्टीवाडीच्या वाळूत लोह फार, म्हणून इथली काच हिरवट. उलट्या वणाची हिरवट बाटली सापडली की ती खट्टू होई, कारण ती देवजीने जाण्याआधी घरी केलेली. तिला परक्या वाळूची काच हवी होती, आणि वण ताजा हवा होता. रोजच्या वापरात घासघासून वणाची धार जाते, जुनी बाटली बोटाला बोचत नाही. बंदरावरचे लोक तिला बुडं चाचपणारी वेडी म्हणू लागले. घरी आली तरी तिचा अंगठा पदराच्या काठावर फिरतच राही.

अमावास्या तोंडावर आली तेव्हा पेंढ्याने भरलेल्या एका पेटीत तिला ती मिळाली. काच मधाच्या रंगाची, वण उलटा. आणि अंगठा टचकन कापला. ती धावत सुटली ती थेट घरी. ओटीवर पंच बसलेलेच होते.

"मामंजी, जिता हाय तो! ही बघा, ताजी हाय. रगत काढलंन हिनं."

विठोजीने बाटली उजेडात धरली. मानेतले बुडबुडे उलट्या अंगाने फिरले होते. त्याने बुडावर अंगठा टेकवला आणि तो ढसाढसा रडू लागला. हात पोराचाच होता. पोराने फुंकर घालूनच ती काच फुगवली होती. तिच्या पोटातली पोकळी देवजीच्या श्वासाची होती. पंचांनाही गलबलून आलं. पण म्हातारा भट्टीचा माणूस. डोळे पुसून त्याने विचारलं, "पेटीत पेंढा व्हता?"

"व्हता."

"मग पोरी, पेंढ्यात निजलेली बाटली कितीबी वर्सांनी बोचते. तारू बुडायच्या आधीची असंल, नायतर नंतरची. मला नाय सांगता येत."

पंचांतल्या एकाने घसा खाकरला. "मग झालं तर. बायकांना बोलवा, रीत उरकून टाकू."

तेव्हा विठोजी उठून सुनेच्या पुढ्यात उभा राहिला, असं सांगतात. "सारा जन्म भट्टीवर गेला, तरी माझ्या पोराच्या बाटलीचं वय मला सांगता येत नाय. आन् तुम्ही हिच्या बांगड्या फोडायला निघालात? कुणाच्या खात्रीवर? काढायच्या तेव्हा हीच काढील. नाय काढल्यान तर कुणी विचारायचं नाय."

त्या अमावास्येला त्याने देवजीच्या नावाने पाणी सोडलं नाही. त्यानंतरही कधी सोडलं नाही, आणि मरेपर्यंत त्याच्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत. म्हाळसा दरसाल बंदर उघडलं की जात राहिली. उलट्या वणाची बाटली मिळाली की आणून कट्ट्यावर ठेवी. देवजी म्हातारपणी परत आला असं काहीजण म्हणतात. आत्यांना ते पटत नाही. आला असता तर एवढ्या बाटल्या कशाला जमल्या असत्या, असं त्या विचारतात.

आजही भट्टीवाडीत कुणाचा नवरा गेला तर बाईच्या बांगड्यांना दुसरं कुणी हात लावत नाही. परवा एका पाहुणीने आत्यांच्या हातभर हिरव्या बांगड्या पाहून सहज विचारलं, "तुमचे यजमान काय करतात?"

"गेले ते. बरीच वर्षं झाली. माझ्याच मांडीवर गेले."

पाहुणी गोंधळली. "म्हणजे... तुम्हाला तर खात्री होती. मग या बांगड्या?"

"आमच्या गावात हे विचारत नाहीत, बाई," आत्या म्हणाल्या.