रिकाम्या जागेवरची शाळा

“पण यात चूक कुठं आहे, तेवढं तरी सांगा!”

केतकी देवस्थळी तिसऱ्यांदा विचारत होती. मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर कोंढेगावची नवी शाळा. एआयच्या मदतीनं तिनं ती वीट न् वीट उभी केली होती. नेहमीपेक्षा सिमेंट निम्मं, वीटभट्टीचा धूर निम्मा, भर उन्हाळ्यात वर्ग सहा अंशांनी गार. सुवर्णपदक मिळवलेली आर्किटेक्ट ती. आपल्याला कुणी ताटकळत ठेवावं, याची तिला सवयच नव्हती.

समोर रायप्पा मिस्त्री निवांत तंबाखू मळत बसले होते. ऐंशीच्या घरातला गवंडी. गावाचा हेका असा, की रायप्पा हो म्हणाला तरच शाळा समिती उद्या सकाळी हो म्हणणार. नाही तर मंजुरी गेली, आणि पोरं आणखी एक उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये भाजणार. गेल्याच आठवड्यात दोन मुली वर्गात चक्कर येऊन पडल्या होत्या.

“मॅडम, चित्र झ्याक हाय.”

“मग हो म्हणा ना!”

रायप्पांनी मळलेली तंबाखू दाढेखाली ठेवली.

मग त्यांनी हनुवटीनं मागं दाखवलं. “अन् ह्ये?”

मागं जुनी शाळा. छप्पर केव्हाच कोसळलेलं, चार दगडी भिंती तेवढ्या उभ्या.

“ते पाडायचंच आहे. आमच्या कामात आधी जागा साफ करतात, मग बांधकाम.”

रायप्पांनी पिशवीतून हातोडी काढली, खडूचा तुकडा काढला, आणि दोन्ही तिच्या हातात ठेवली.

“एक भिंत ठोक. एकेक दगड. खणकन वाजला तर म्होरं जा. बद्द वाजला तर दगड आतून गेला, फुली मार.”

“मिस्त्री, मला एवढा वेळ नाही हो!”

“मला हाय.”

केतकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लॅपटॉप मिटून सरळ गाडीत जाऊन बसावं, असं तिच्या मनात आलंसुद्धा. पण शाळा हवी होती. त्या पत्र्याखाली ती स्वतः तासभर बसून आली होती, आणि एकदा मनावर घेतलं की मागं फिरणारी ती बाई नव्हती. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि पहिला दगड ठोकला.

खण्ण.

दुसरा. तिसरा. पहिल्या अर्ध्या तासात तिनं रायप्पांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. मग शिव्या संपल्या. मग ती नुसती ऐकू लागली. तळहाताला फोड आले, ऊन डोक्यावर आलं, तरी तिनं हातोडी खाली ठेवली नाही. वरच्या थरांसाठी तिनं शेजारच्या घरून शिडी मागून आणली.

भिंत संपली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दगड दोनशे चाळीस. फुल्या अकरा.

केतकी त्या भिंतीकडे बघत राहिली. हे सगळं आपण एका बोटानं पुसून टाकलं, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती खाली बसली. लॅपटॉप उघडला. जुनी भिंत मापांसकट, फुल्यांसकट मॉडेलमध्ये भरली. थोड्या वेळानं पडद्यावर दुसरीच शाळा उभी राहिली. जुन्याच भिंती, बद्द दगड तेवढे बदललेले, वर हलकं छप्पर. धूर निम्म्यावरून पाचव्या हिश्शावर आला होता.

“बाकीच्या तिन्ही भिंती अशाच निघाल्या, तर हे जमतं!” तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

रायप्पा पडद्याजवळ सरकले.

“येवढं हुशार हाय तुझं मशिन, तर सकाळी का न्हाई बोललं ह्ये?”

केतकीनं मान खाली घातली.

“विचारलं होतं त्यानं. पहिलाच प्रश्न… जागेवर आधीचं काही उभं आहे का?”

“अन् तू काय सांगितलंस, पोरी?”

“…जागा रिकामी आहे.”

केतकीनं कपाळावरचा घाम पुसला.

“मिस्त्री, उद्या सभेत हो म्हणाल ना?”

रायप्पांनी जमिनीवरची हातोडी उचलली, फुंकरीनं धूळ उडवली आणि पुन्हा तिच्या हातात दिली.

“ह्या मशिनला माझं हो हाय, त्यानं निदान इचारलं तरी… तुझं काय त्ये तीन भिंती ठोकून झाल्यावर बघू.”