पालखीला दिलेली वाट

फार फार पूर्वी एक राज्य होते. त्याची राजधानी नदीकाठी होती आणि गावे पार डोंगरापर्यंत पसरलेली होती. गावची माणसे कामाला, बाजाराला, वैद्याकडे रोज राजधानीत येत. वाट मात्र एकच, तीही अरुंद. गाड्या, मेंढरे आणि सरदारांच्या पालख्या यांची तिथे नुसती कोंडी होई.

राणीने प्रधानाला बोलावले. "माणसांचे अर्धे आयुष्य वाटेत चालले आहे. काहीतरी तोड काढा."

दरबारात दोन मते पडली. काही म्हणाले, कालवा खणा. मोठ्या होड्यांतून एका खेपेला गावेच्या गावे येतील. पण त्यासाठी खडक फोडायचा होता, खजिना रिता होणार होता आणि त्यात एक पिढी सरणार होती. दुसरे म्हणाले, भराव घालून फक्त प्रवासी गाड्यांसाठी वेगळी वाट बांधा. थोडक्या पैशांत काम होईल, आणि गाडी वळेल त्या गावाला जाईल.

प्रधान हिशेबी माणूस. शिवाय त्याची एकुलती एक लेक डोंगरापायथ्याच्या शेवटच्या गावी दिली होती, आणि कालवा काही तिथवर चढणार नव्हता. त्याने गाडीवाटेच्या बाजूने कौल दिला.

राणीने एवढेच विचारले, "त्या वाटेवर दुसरे कोणी शिरणार नाही, हे कोण पाहील?"

"मी पाहीन," प्रधान म्हणाला.

वाट झाली आणि खरोखर छान झाली. लेक सकाळी माहेरी येऊन दिवे लागायच्या आत सासरी परतू लागली. प्रधानाला धन्य वाटले.

मग एका सरदाराच्या घरी लग्न निघाले. "आजच्या दिवस पालखी भरावावरून जाऊ द्या," तो म्हणाला. प्रधान भिडस्त होता. नाही म्हणणे त्याच्या जिवावर आले. पुढे दुसऱ्याकडे बारसे निघाले, तिसऱ्याला सांधेदुखी निघाली. मोठ्या लोकांना कारणांची कधी ददात नसते. शेवटी कामे खोळंबतात म्हणून प्रधानाची स्वतःची पालखीही त्याच वाटेने जाऊ लागली.

त्या राज्यात एक रीत होती. पालखी दिसली की गाडीवानाने गाडी कडेला घेऊन बैलांच्या मानेवरचे जू उतरवायचे. पालखी दिसेनाशी होईपर्यंत ते पुन्हा चढवायचे नाही. ही रीत भरावावरही आली. तिला अडवावे असे कुणाच्या मनातही आले नाही.

एके दिवशी प्रधानाला निरोप आला. लेक अडली होती, आणि गावच्या सुईणीने हात टेकले होते.

प्रधान तसाच पालखीत बसला. भोई धावत सुटले. समोरच्या गाड्या भराभर कडेला होत होत्या, जू उतरत होते. वाट मोकळी मिळते आहे म्हणून त्याने देवाचे आभार मानले.

लेकीच्या दारात शेजारीण उभी होती. "तिला तर कवाच गाडीत घालून राजधानीच्या वैद्याकडं नेलं," ती म्हणाली. "वाटेत गाठ पडली न्हाई व्हय?"

प्रधान उलट पावली परतला. वैद्याच्या घरी लेक जिवंत होती. मूल नव्हते.

"थोडे आधी आणले असते तर," वैद्य म्हणाला.

उंबऱ्याशी गाडीवान रडत बसला होता. "मालक, एकामागून एक पालख्या आल्या. ताई कळांनी तळमळत व्हत्या, पण जू चढवू कसं? शेवटची पालखी गेली, तवा कुठं गाडी हलली."

"शेवटची कुणाची होती?"

आतून लेकीचा क्षीण आवाज आला, "मी हाक मारली होती, बाबा. भोई फार वेगात होते."

आयुष्यात पहिल्यांदा प्रधानाला कशाचाच हिशेब सुचेना.

राणीने त्याला विचारले, "आता कालवाच खणायचा का?"

"कालव्यात पालखी शिरली नसती, म्हणून माझ्यासारख्या भिडस्ताला तोच बरा होता," प्रधान म्हणाला. "पण वाट वाईट नव्हती, राणीसाहेब. राखणारा वाईट निघाला."

त्याने प्रधानकी सोडली आणि भरावाच्या तोंडाशी राखणीला उभा राहिला. पहिल्याच सकाळी राणीची पालखी आली. त्याने हात आडवा केला. राणी उतरली आणि गाडीत, गवळणींच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवशी एकाही बैलाच्या मानेवरचे जू उतरले नाही.

म्हणून लहानथोरांनी एवढे ध्यानात ठेवावे: सर्वांसाठी वाट निवडताना ती किती स्वस्त हे नंतर पाहावे, आपल्याच माणसांपासून ती राखायची धमक आपल्यात आहे का, हे आधी पाहावे.